गौरी एक-दोन-तीन

कॅमेरा बसवायला बोलावणारं गिऱ्हाईक आधी भाव विचारतं. मग विचारतं, "अंधारात दिसेल का?" खरा प्रश्न तिसरा असतो, "माझ्याशिवाय अजून कोणाला दिसेल?" तो कोणी विचारत नाही. मीही कधी कोणाला आठवण करून दिली नाही. दिवाळी अंकासाठी कामातल्या गमती लिहा, असं इथल्या मराठी मंडळाच्या मंडळींनी सांगितलं आहे. गमती आहेत, त्या सांगतो. पण तो तिसरा प्रश्न टाळून मला पुढे जाता येणार नाही.

माझे वडील अमळनेरकडून येऊन पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये लागले. मी तरुणपणी केबल टीव्हीच्या वायरी ओढल्या. मोबाइलने केबलचा धंदा खाल्ला, तेव्हा तीच शिडी आणि तेच ड्रिल मशीन घेऊन कॅमेऱ्यांच्या कामात आलो. पांडेसरा, नवागाम, दिंडोली, कधी इच्छापोरकडचा एखादा कारखाना, असा माझा पट्टा. लोक मला दिलीपभाऊ म्हणतात. मोबाइलमध्ये मात्र बहुतेकांनी नाव 'कॅमेरा' असंच ठेवलंय.

कॅमेरा लावणारा माणूस म्हणजे संशय विकणारा माणूस. आनंदात कोणी कॅमेरा लावत नाही. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या एका गुजराती शेठने कामगारांवर कॅमेरे लावले. मग सुपरवायझरवर लावला. मग स्वतःच्या केबिनमध्ये, भागीदारावर. शेवटी मला बोलावून हळूच विचारलं, "भाई, आ कॅमेरा पर नजर राखे एवो कॅमेरा आवे?" म्हणजे कॅमेऱ्यावर नजर ठेवणारा कॅमेरा मिळतो का. मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "भरोसो कोईनो नथी." त्याला तोही लावून दिला.

दुसरे एक रिटायर झालेले मिल कामगार. त्यांनी शिरपूरजवळच्या गावी, बंद घराच्या ओट्यावर कॅमेरा लावून घेतला. दिवसभर इथे खोलीत बसून ओटा बघायचे. एकदा फोन आला, "दिलीप, ओट्यावर कोण बसलंय बघ!" बघितलं तर त्यांचाच सख्खा भाऊ सावलीला टेकला होता. म्हणाले, "बसू दे. पण मला न विचारता बसला." पुढच्या खेपेला गावी गेले ते याच गोष्टीवरून भांडून आले.

आता थोडं कामाबद्दल, माहीत नसणाऱ्यांसाठी. भिंतीवरचा कॅमेरा फक्त डोळा. त्याने बघितलेलं साठतं ते एका काळ्या डब्यात, त्याला डीव्हीआर म्हणतात. तो डबा वाय-फायला जोडला की मालकाला मोबाइलमध्ये कुठूनही चित्र दिसतं. मोबाइलला तो डबा ओळखता यावा म्हणून डब्यावर एक स्टिकर असतं, ठिपक्यांच्या चौकोनाचं. त्याला घराचा पत्ता समजा. पासवर्ड म्हणजे कुलपाची किल्ली. पत्ता आणि किल्ली दोन्ही ज्याच्याकडे, तो जगात कुठेही बसून तुमच्या घरात येतो. दार वाजत नाही, कुत्रं भुंकत नाही.

डब्याबरोबर कंपनीचा एक पासवर्ड येतो, सगळ्या डब्यांना सारखाच. बाजारातले पुष्कळ कारागीर तोच राहू देतात. मी तसा नव्हतो, याचा मला अभिमान होता. मी प्रत्येक डब्याचा पासवर्ड बदलायचो आणि माझ्या मुलीचं नाव टाकायचो. गौरी, आणि पुढे एक, दोन, तीन. प्रत्येक डब्याला हाच. गिऱ्हाइकं पासवर्ड विसरतात, हे पक्कं. मग मी शिडीवर असलो तरी फोनवर सांगू शकायचो, "अहो, गौरी एक-दोन-तीन." लोकांनाही पाठ झालं होतं. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "गौरी काय करते सध्या?" नर्सिंग शिकते म्हटलं की खूश व्हायचे. कंपनीची एक किल्ली सगळ्यांना चालत होती, तिच्या जागी मी माझी एक किल्ली सगळ्यांना चालवली. फरक काय पडला? काहीच नाही. पण हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

दुसरी माझी सवय पूजेची. आपल्याकडे नवी गाडी आणली, नवं लूम बसवलं की कुंकू लागतंच. मी डब्यालाही लावायचो. वर स्वस्तिक, झेंडूचं फूल, पुढे नारळ. गिऱ्हाइकाला बरं वाटायचं. मग त्या सजवलेल्या डब्याचा फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसवर टाकायचो, खाली गिऱ्हाइकाचं नाव आणि 'काम पूर्ण'. त्यातून नवी कामं मिळायची. फोटो चांगला यावा म्हणून डबा उजेडाकडे वळवायचो. ठिपक्यांचं स्टिकर बरोबर कुंकवाच्या खाली यायचं, स्वच्छ, ठळक.

असाच फोटो मी शोभाताईंच्या हॉलचा टाकला होता.

शोभाताई नवागामला पहिल्या मजल्यावर एक हॉल चालवतात. बाजारातून साड्यांचे गठ्ठे टेम्पोने येतात, पंधरा-वीस बायका खाली मांडी घालून त्यांवर गोंदाने खडे चिकटवतात, आणि साड्या परत बाजारात जातात. बहुतेक बायका खान्देशातल्या. गठ्ठ्यातून साड्या कमी भरायला लागल्या म्हणून ताईंनी कॅमेरे लावून घेतले. साड्यांचा घोळ टेम्पोत होत होता, तो लगेच कळला. कॅमेरे राहिले.

त्या बायकांत मंगला नावाची एक होती. नवरा मारायचा म्हणून त्याला सोडून दिंडोलीला भावाकडे राहायला आलेली. नवऱ्याचं नाव भटू. त्याचं पांडेसऱ्यात मोबाइल रिचार्जचं दुकान. त्या दुकानातला कॅमेराही माझाच. दोघं नवरा-बायको आहेत हे मला माहीत नव्हतं. असतं तरी मी काही वेगळं केलं असतं, असं आज छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

कॅमेरे लागल्यावर काही दिवसांनी हॉलमध्ये विचित्र प्रकार सुरू झाला. काम संपायची वेळ रोज वेगळी, माल असेल तशी. तरी मंगला जिना उतरली की भटू समोरच्या कोपऱ्यावर उभा. काही बोलायचा नाही, नुसता उभा. मग तिच्या भावाला भटूचे फोन यायला लागले. आज तिने हिरवी साडी नेसली होती. आज ती टेम्पोवाल्याशी हसून बोलली. टेम्पोवाला गठ्ठा टाकून फक्त पाणी प्यायला होता. दुसऱ्या दिवशी भटूने त्याला रस्त्यात अडवून कॉलर धरली.

भाऊ मंगलाला म्हणाला, "काम सोड. घरात बस." हे काम म्हणजे मंगलाचं स्वतःचं म्हणता येईल असं एकुलतं एक. ते गेलं असतं तर तिला नवऱ्याकडे परत जावं लागलं असतं, आणि भटूला तेच हवं होतं.

आतलं कोणीतरी बाहेर सांगतंय, हे उघड होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. डबे उघडून एकत्र जेवायच्या त्या भिंतीकडे सरकून जेवायला लागल्या. कोणी फोन घेऊन जिन्यात गेली की बाकीच्यांचे हात थांबायचे. आणि संशय येऊन थांबला कमलबाईवर. कमलबाई सगळ्यांत वयस्कर, विधवा, मंगलाला हॉलमध्ये आणणारी तीच. पण तिची खोली भटूच्या दुकानाच्या गल्लीत. ती रिचार्ज त्याच्याकडेच करायची.

शोभाताईंनी घाईने कोणाचं नाव घेतलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आधी त्यांनी मला बोलावलं. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "दिलीपभाऊ, यातून तर कोणी बघत नसेल ना?"

म्हणजे तो तिसरा प्रश्न, जो कधी कोणी विचारत नाही, तो त्यांनी विचारला होता. मी डबा उघडूनही बघितला नाही.

"पासवर्डशिवाय देवालाही दिसणार नाही, ताई," मी म्हणालो. "यंत्र चहाडी करत नाही. माणूस शोधा."

कमलबाई तिथेच बसली होती. हातात चिमटा, चिमट्यात खडा. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "भाऊ, मी काय करं?" म्हणजे मी काय केलं. मी बॅग आवरून निघालो. त्याच दिवशी शोभाताईंनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांतच भटूच्या दुकानातून फोन आला. उंदराने वायर कुरतडली होती, चित्र जात होतं. वायर बदलली. मोबाइलवर दिसतं का बघायला त्याचा फोन मागितला. तो गिऱ्हाइकात होता, त्याने फोन तसाच माझ्या हातात दिला. ॲप उघडलं. त्यात नाव असायला हवं होतं एक, 'दुकान'. खाली दुसरंही होतं, 'हॉल'.

मी त्यावर बोट ठेवलं. माझाच कोन, माझीच उंची, भिंतीवरच्या आरशापर्यंत दिसावं म्हणून मीच मेहनतीने वळवलेला कॅमेरा. खाली बायका बसलेल्या. मंगला साडी सरळ करत होती. कमलबाईची जागा रिकामी होती.

भटू चहा घेऊन आला. लपवलं नाही, लाजलाही नाही. "एकदम चोख दखास ना? तुमनंच काम शे."

"हे कसं जोडलं?" मी विचारलं.

"तुमना स्टेटसवरथून. फोटो मोठा करा, स्टिकर स्कॅन करं. पासवर्ड तर तुम्हीच सांगेल व्हता." तो हसला. "गौरीना." माझ्याच स्टेटसवरचा फोटो मोठा करून त्याने स्टिकर स्कॅन केलं होतं, आणि किल्ली त्याच्या दुकानातल्या डब्याचीच होती.

मी म्हणालो, "असं बघणं बरं नाही."

"मनी बायको शे. मी नही दखसू ते कोन दखी?" माझी बायको आहे, मी नाही बघणार तर कोण बघणार, असं म्हणून त्याने कप माझ्या हातात दिला. मी तो चहा प्यायलो. खोटं लिहीत नाही, पूर्ण प्यायलो.

बाहेर येऊन, मोटारसायकलवर बसल्या बसल्या, मी माझ्या मोबाइलवरून हॉलचा पासवर्ड बदलला. भटूच्या फोनमधलं चित्र त्या क्षणी बंद झालं असेल. मग शोभाताईंना फोन केला, कंपनीचा अपडेट आलाय, पासवर्ड नवा आहे. "बरं," त्या म्हणाल्या. बाकी मी काही बोललो नाही. बोललो असतो तर माझ्या पट्ट्यातलं प्रत्येक घर, प्रत्येक दुकान मला बोलावून विचारणार होतं, आमचं काय? आणि सगळ्यांना उत्तर एकच होतं, गौरी एक-दोन-तीन.

मला वाटलं, रोग गेला, आता सांगून काय मिळणार? पण भटूला दिसणं बंद झालं, तसा तो कोपऱ्यावर वेळेवर यायचा बंद झाला. भावाला साडीचा रंग कळवणं बंद झालं. आणि हे सगळं बंद झालं कमलबाई गेल्यानंतर. पुढच्या खेपेला हॉलमध्ये गेलो तेव्हा शोभाताई म्हणाल्या, "तुमचं खरं निघालं, भाऊ. माणूसच होता. म्हातारी गेली आणि सगळं शांत झालं." मी मान हलवली. मी लपून केलेल्या दुरुस्तीने कमलबाईवरचा आरोप शाबीत केला होता.

मग मी एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन पासवर्ड बदलत सुटलो. कारण एकच, 'अपडेट'. लोकांनाही वास आला. तो लूमवाला शेठ खुर्चीतून उठला. "अपडेट? फुकटमां? दिलीप, तने मारा कॅमेरामां शुं जोवुं छे?" माझ्या कॅमेऱ्यात तुला काय बघायचंय, असं त्याने मला विचारलं. इतकी वर्षं त्याच्या संशयाला मी मनात हसलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तो बरोबर माणसावर संशय घेत होता. मला स्वतःलाही दुसरं काही सुचत नव्हतं. हातात मोबाइल घेतलेला कोणीही दिसला की वाटायचं, हा कोणाच्या घरात बसलाय?

कमलबाईला गल्लीत दुसरीकडे काम मिळेना. घरी बसून धागे कापायचं काम मागायला गेली, तिथेही बायकांनी तोंडं फिरवली. एका दुपारी ती माझ्या घरी आली. मी जेवत होतो. दारातच उभी राहिली.

"भाऊ, तुना डब्बामा जुनं राहस ना?" तुझ्या डब्यात जुनं राहतं ना? "मी हॉलमा कधी फोन हातमा बी धरेल नही. ते काढ आणि शोभाले दखाड. बाकी काही नको."

तिचा माझ्या कॅमेऱ्यावर विश्वास होता. माणसांनी तिला खोटी ठरवलं होतं, म्हणून ती यंत्राकडे साक्ष मागायला आली होती. जुनं चित्र डब्यात कायम राहत नाही. जागा भरली की नवं त्यावर चढतं. ते दिवस केव्हाच पुसले गेले होते. मी एवढंच सांगितलं असतं तरी ती गेली असती. आत बायको आणि गौरी ताट घेऊन थांबल्या होत्या. मी खरकट्या हातानेच तिला सगळं सांगितलं. स्टिकर, स्टेटस, भटूचा मोबाइल, चहा.

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "माले काय सांगस? तठे जाईसन सांग." मला काय सांगतोस, तिथे जाऊन सांग. आणि चपला घालून गेली.

गौरीने ताट खाली ठेवलं. "पप्पा, माझ्या नावाने?" एवढंच म्हणाली.

मी हॉलमध्ये गेलो ते सगळ्या बायका कामावर असताना. दारात उभा राहून बोललो. शोभाताईंनी मधेच दोनदा विचारलं, "म्हणजे कमल नाहीच?" मी नाही म्हटलं. साडीवर टाकलेले गोंदाचे थेंब तसेच वाळत होते. मला वाटत होतं, कमलबाईचा विषय आहे, शोभाताई मला बोलतील, मी ऐकून घेईन. पण उठली ती मंगला.

"तुम्ही तिथे चहा पीत होतात," ती म्हणाली, "तेव्हा मी दिसत होते?"

"हो."

"काय करत होते?"

"साडी सरळ करत होतीस."

"आणि मला सांगितलं नाही."

तिने हाताचा गोंद पदराला पुसला.

"मी रोज त्या कोपऱ्यावरून जाते, भाऊ. मला वाटलं, तो सुधारला. त्याने भावाकडे निरोप पाठवला, मी बदललोय, परत ये. भाऊ म्हणाला, बघ, आता पाळत ठेवत नाही, जा. मी जाणार होते. परवा जाणार होते."

तेवढं बोलून ती खाली बसली. कमलबाईचं काय केलं ते मला ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं. माझ्या गप्प राहण्याने भटूला चांगुलपणाचा दाखला मिळाला होता, आणि त्या दाखल्यावर मंगला परत निघाली होती.

ती गेली नाही. भावाबरोबर पोलीस चौकीत गेली आणि तिथे मी जबाब दिला, चहासकट. भटूला बोलावलं, दम दिला. त्याचं दुकान अजून आहे. त्याने माझा कॅमेरा काढून दुसऱ्याकडून लावून घेतला. त्याने अजून कोणाकोणाचे फोटो मोठे करून बघितले होते, ते मला आजवर कळलेलं नाही. माझं काही काम सुटलं. लोकांनी मोबाइलमधून माझं नाव काढून टाकलं. मी त्यांना दोष देत नाही.

शोभाताई स्वतः कमलबाईच्या खोलीवर गेल्या. कमलबाई यायला तयार झाली, पण तिने अट घातली. कुलपाची किल्ली आम्ही बनवू, आणि हा कॅमेरावाला भाऊ येऊन ती लावून देईल.

म्हणून मी पुन्हा हॉलमध्ये गेलो. डबा कोरा केला. सगळ्यांना समजावलं. आठ अक्षरांपेक्षा मोठा ठेवा, मुलाबाळांचं नाव नको, फोन नंबर नको, वाय-फायचा वेगळा आणि याचा वेगळा, दुसऱ्या कुठल्या यंत्राचा इथे नको. आणि मलाही सांगू नका. स्टिकरवर काळी पट्टी चिकटवली. कमलबाई लक्ष देऊन ऐकत होती. मग मंगलाने मोबाइल हातात घेतला आणि कमलबाई तिच्या कानाशी वाकली.

"भाऊ," कमलबाई म्हणाली, "तोंड तथा फिराव."

मी भिंतीकडे वळलो. मागे कुजबुज सुरू झाली. कोणीतरी फिसकन हसली, दुसरीने तिला दटावलं. मी समोर बघितलं तर भिंतीवर आरसा होता, कडेला वापरलेल्या टिकल्या चिकटवलेला. त्यात मंगलाचा अंगठा आणि उजळलेला पडदा दिसत होता. कमलबाईचे डोळेही दिसत होते. ती मोबाइलकडे बघतच नव्हती. आरशातून माझ्याकडे बघत होती.

मी डोळे मिटून घेतले.

"हां," मागून तिचा आवाज आला. "आते टाक, मंगला."